घरच्या गॅरेजमध्ये प्रोजेक्ट कार: छंद, धंदा आणि आरसी बुक

या आठवड्याचा व्हिडिओ जुन्या जीपवर होता आणि व्हिडिओत वेळेअभावी हिशेबाचा भाग अर्धाच राहिला. तो इथे सविस्तर लिहितोय. विषय असा की घरच्या शेडमध्ये जुनी गाडी घ्यायची, पूर्ण खोलायची, आपल्या मनासारखी बांधायची, आणि पुढे हाच धंदा करायचा. आमच्या ट्रेनिंग बॅचमध्ये दर वेळी दोन-तीन मुलं तरी ही आयडिया घेऊन येतातच. जालन्यात ती डोक्यात येणं साहजिक आहे. रोलिंग मिलमुळे भंगाराचं नि लोखंडाचं शहर आपलं, वेल्डर-लेथवाले गल्लोगल्ली, आणि साठ किलोमीटरवर वाळूज-शेंद्र्याची ऑटो इंडस्ट्री. हात चालणारी पोरं इथं कमी नाहीत.

पण गाडी बांधता येणं वेगळं, ती रस्त्यावर आणता येणं वेगळं, आणि तिच्यातून पैसे कमावणं तर फारच वेगळं. या तीन गोष्टींची गल्लत झाली की घरातले पैसे शेडमध्ये गंजत पडतात.

आधी आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण बघू. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार. फॅब्रिकेशनचं काम करणारा माणूस. त्यांनी भंगारातले आणि जुन्या गाड्यांचे पार्ट जमवून मुलासाठी छोटी जीपसारखी चारचाकी बनवली. साधारण साठ हजार रुपये खर्च आला असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. गंमत म्हणजे गाडी चावीने सुरू होत नव्हती, मोटरसायकलसारखी किक मारायची! डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला आणि आनंद महिंद्रा यांनी तो शेअर केला.

लोकांना या गोष्टीतलं "साठ हजारात कार" एवढंच लक्षात राहिलं. महिंद्रांनी त्याच वेळी आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती, की ही गाडी कोणत्याच नियमात बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर चालवू देणार नाहीत. म्हणून त्यांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली, आणि त्यांची गाडी महिंद्रांच्या रिसर्च व्हॅलीतल्या संग्रहासाठी गेली.

आता धंदेवाल्याच्या नजरेने बघा. लोहारांचं कौतुक शंभर टक्के, माझ्या मते ते इंजिनिअरच आहेत. पण त्यांच्यासारखी दुसरी गाडी बनवून तुम्ही गिऱ्हाइकाला विकू शकता का? नाही. कारण त्या गाडीला नंबर मिळत नाही. तिच्यासाठी बोलेरो मिळाली, ती कलाकुसरीची कदर होती. बाजारभाव नव्हता तो. अशी कदर आयुष्यात एखाद्याला एकदा मिळते, त्यावर बिझनेस प्लॅन लिहिता येत नाही.

नंबर का मिळत नाही?

आपल्याकडे नवी गाडी रजिस्टर व्हायची असेल तर आधी तिचा नमुना टेस्टिंग एजन्सीकडून पास व्हावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२६ याचाच आहे. या एजन्सींपैकी तीन तर आपल्या राज्यात आहेत: पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरला व्हीआरडीई. ब्रेक, स्टिअरिंग, लाइट, धूर, सीटबेल्टचे अँकर, सगळं तिथे तपासलं जातं. ही सगळी यंत्रणा हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीसाठी आहे. टेस्टिंगचा खर्च कंपनी हजारो गाड्यांवर वाटून टाकते. तुमची गाडी एकच, म्हणजे सगळा खर्च तिच्याच डोक्यावर.

इंग्लंडमध्ये याला वेगळा रस्ता आहे. तिथे किट कार नावाचा मोठा प्रकार चालतो. कंपनी सुटे भाग पेटीत देते, माणूस घरच्या गॅरेजमध्ये जोडतो, आणि मग त्या एकट्या गाडीची सरकारी तपासणी होऊन तिला नंबर मिळतो. म्हणून यूट्यूबवर गोरी माणसं स्वतःची कार बांधून बिनधास्त रस्त्यावर नेताना दिसतात. ते व्हिडिओ जरूर बघा, वेल्डिंग शिका, पण तिथला कायदा जालन्यात लागू नाही एवढं ध्यानात ठेवा.

मग आपल्याकडे काय उरतं? उरते ती आधीच रजिस्टर असलेली जुनी गाडी. आरसी जिवंत आहे, चेसिस नंबर जागेवर आहे, इंजिन नंबर जुळतो, अशी गाडी घ्यायची आणि ती तिच्या मूळ रूपात उभी करायची. "मूळ रूपात" हा शब्द अधोरेखित करा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. मालकाने गाडीत असा बदल करायचा नाही की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका केसमध्ये हेच ठणकावून सांगितलं. रंग बदलणं, छोट्या फिटिंग करणं चालेल. त्याच कंपनीचं, तशाच प्रकारचं इंजिन परवानगीने बदलता येईल. पण ढाचा बदलायचा नाही. म्हणजे चेसिस कापून लांब करणं, छप्पर काढून ओपन करणं, पेट्रोलच्या गाडीत दुसऱ्याच कंपनीचं डिझेल बसवणं, हे बाद. सीएनजीचं किट किंवा इलेक्ट्रिक किट बसवता येतं, पण मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त फिटर, आणि आरसीवर नोंद, या तिन्ही गोष्टी असतील तरच. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायलाही कायद्यात सोय आहे, त्याबद्दल खाली बोलतो.

दंडाचं बोलायचं तर कलम १८२-अ नीट वाचा, कारण तिथे मालक आणि धंदेवाला वेगळे धरलेत. मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण उत्पादक किंवा डीलर म्हणून कोणी नियमाबाहेरची गाडी विकली, बदलली, विकायची तयारी जरी दाखवली, तर एका गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. हौशी माणसाला एकवेळ परवडेल, बोर्ड लावून बसलेल्याला नाही. "मंडी डबवालीला तर सर्रास जीपा बनतात की," असं मुलं म्हणतात. हरियाणातलं ते गाव मॉडिफाय जीपांसाठी प्रसिद्ध आहे, खरंय. तिथून जीप आणून आपल्या आरटीओत एमएच-२१ चा नंबर मागायला जा, मग खिडकीवर काय काय विचारतात ते कळेल.

विम्याचं एका ओळीत सांगतो. कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी सापडला की क्लेम अडकतो, आणि अपघातात समोरचा माणूस दगावला असेल तर ती रक्कम घर विकायला लावणारी असते.

गाडी निवडताना

सगळे जीपच का घेतात? कारण तिची बांधणी. जुन्या जीपमध्ये चेसिस वेगळी आणि बॉडी वेगळी. बोल्ट सोडले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. पत्रा बराचसा सपाट, त्यामुळे घरी वाकवता येतो. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप इथे जोडायला सुरुवात केली आणि पुढे अनेक वर्षं तोच साचा थोडाफार बदलत चालवला, म्हणून पार्टही मिळतात. याउलट मारुती ८०० सारख्या गाडीत बॉडी हीच चेसिस. तिचा खालचा पत्रा सडला की गाडीचा कणाच गेला. नवशिक्याने तिच्या वाट्याला जाऊ नये. प्रीमियर पद्मिनी दिसायला देखणी, पण काच, बीडिंग, डॅशबोर्डचे बारीक भाग शोधण्यात महिने जातात.

गाडी बघायला जाताना मिस्त्रीच्या आधी कागद घेऊन जा. आरसीवरचा चेसिस नंबर आणि लोखंडावर कोरलेला नंबर स्वतः ताडून बघा. घासलेला, पुन्हा ठोकलेला, वेल्डिंगच्या पट्टीवर असलेला नंबर दिसला की चहा पिऊन परत या. कर्ज चढलेलं असेल तर बँकेचं ना-हरकत आणि फॉर्म ३५. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसी. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावं लागतं, आणि १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी ही फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. त्यात ग्रीन टॅक्स वेगळा. आरसी रद्द झालेली, स्क्रॅपला गेलेली गाडी "पार्टसाठी" म्हणून स्वस्तात मिळते. तिचे पार्ट वापरा, पण तिची चेसिस रस्त्यावर आणायचा विचार नको. आणि भंगारातून इंजिन घेताना पावती घ्या. बिनपावतीचं इंजिन चोरीचं निघालं तर पोलीस दारात तुमच्या येतील, भंगारवाल्याच्या नंतर.

पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी मिळाली तर गोष्ट वेगळी. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं, नव्या नोंदणीची फी वीस हजार, दहा वर्षांची मुदत. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, आणि गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशाच कामांसाठी बाहेर काढायची. लग्नाला भाड्याने द्यायचा विचार असेल तर तो इथे बसत नाही, कारण धंद्यासाठी वापरायची मनाई आहे.

शेडमधलं काम

हे व्हिडिओत दाखवलंय, म्हणून जरा पळवतो. क्रम महत्त्वाचा आहे: खोलण्याआधी प्रत्येक जोडाचे फोटो, नट-बोल्ट पिशव्यांत चिठ्ठी लावून, मग चेसिसचा गंज, मग ब्रेक-स्टिअरिंग, मग इंजिन-गिअरबॉक्स, मग वायरिंग, आणि रंग सर्वांत शेवटी. पोरं उलटं करतात. रंग आधी मारतात कारण फोटो छान येतात, आणि मग इंजिन बसवताना त्याच रंगावर ओरखडे पाडतात.

बॉडीचा पातळ पत्रा साध्या आर्क वेल्डिंगने भोकं पडून जळतो, त्याला मिग मशीन लागतं. ते विकत घेऊ नका, सुरुवातीला जॉबवर करून घ्या. पूर्ण गंज काढल्याशिवाय लांबी भरू नका, वरून गुळगुळीत दिसेल पण दोन पावसाळ्यांत फुगेल. वेल्डिंग करताना बॅटरी सोडा. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ असते, तिला घरी वेल्डिंग करायचंच नाही. गाडीखाली जाताना विटा किंवा नुसत्या जॅकवर भरवसा नको, जॅक स्टँड हवेतच. आणि शटर बंद करून इंजिन चालू ठेवू नका, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. घरच्या मीटरवर धंद्याचं वेल्डिंग आणि कॉम्प्रेसर चालवणं हा विजेचा अनधिकृत वापर धरतात, वीज कायदा २००३ चं कलम १२६. स्वतःच्या एका गाडीसाठी ग्राइंडर फिरवणं निराळं, बाहेरची कामं घ्यायला लागलात की व्यावसायिक कनेक्शनचा अर्ज टाका. त्याचा खर्च हिशेबात धरा.

हिशेब, जो व्हिडिओत राहिला

अंबड तालुक्यातला एक मुलगा आमच्या बॅचला होता. आयटीआय मोटर मेकॅनिक, हात सोन्यासारखा. घरून तीन-साडेतीन लाख मिळणार होते आणि ते बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले होते. लग्न दीड-दोन वर्षांवर. त्याचं म्हणणं, "सर, एक जीप करतो, विकतो, लग्नाआधी पैसे दीडपट करून परत ठेवतो." मी त्याला कागद-पेन दिलं आणि आम्ही दोघांनी मिळून आकडे मांडले. खालचे आकडे त्यावरूनच धरलेत. तुमच्याकडे भाव कमी-जास्त असतील, पण मांडणी हीच ठेवा.

जीप, चालू आरसीसह: १,२०,०००. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेकचे पार्ट आणि लेथकाम: ७०,०००. पत्रा आणि वेल्डिंग: ३५,०००. रंग: ४०,०००. टायर, सीट, वायरिंग, हूड: ५५,०००. ट्रान्सफर, नूतनीकरण, टॅक्स, विमा: २०,०००. बेरीज ३,४०,०००.

इथे तो थांबला. "सव्वाचार लाखाला गेली तर पंच्याऐंशी हजार सुटले!" मी म्हटलं, थांब, तुझी मजुरी कुठंय? तो म्हणाला, "माझी कशाला धरायची, मी घरचाच आहे." हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. किराणा दुकानदारापासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळे हेच म्हणतात.

पाचशे तास धरले, तासाला १२० रुपये. झाले ६०,०००. मग पैसा अडकण्याची किंमत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरासरी निम्मी रक्कम, म्हणजे १,७०,०००, चौदा महिने अडकली असं धरा. बारा टक्के व्याजाने २३,८००. एकूण खर्च ४,२३,८००. विक्री ४,२५,०००. नफा १,२०० रुपये.

मजुरी त्याच्याच खिशात जाणार, हे बरोबर. पण साठ हजार चौदा महिन्यांत म्हणजे महिन्याला सव्वाचार हजार. तेवढ्या वेळात त्याच हातांनी दुसऱ्याच्या गाडीचं काम केलं असतं तर? आणि यात गाडी लगेच विकली गेली असं धरलंय. हौशी गाडीचं गिऱ्हाईक रोज रस्त्याने येत नाही. लग्नाची तारीख मात्र ठरल्या दिवशी येते.

त्याने जीप घेतली नाही. सुरुवात स्कूटरपासून केली. बजाज चेतक १९७२ साली आली आणि नंतरची तीस-एक वर्षं मराठवाड्यातल्या घराघरांत होती. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, सगळ्यांकडे. आज ती वडिलांची किंवा आजोबांची आठवण म्हणून अंगणात उभी आहे आणि मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला आहे. त्या मुलाला ती गाडी चालू करून हवी असते. इथे गाडी गिऱ्हाइकाची, पार्टचे पैसे आगाऊ गिऱ्हाइकाचे, तुमची फक्त मजुरी आणि हुशारी. काम जीपसारखं वर्षभर लांबत नाही, काही आठवड्यांत हातावेगळं होतं. आरसी कोणाच्या नावावर आहे एवढं मात्र आधी बघा. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, आणि ते काम गिऱ्हाइकाचं, तुमचं नाही, हे कोटेशनवरच लिहा.

मला विचाराल तर याच पद्धतीचं जॉबवर्क हा या छंदातला खरा धंदा. पत्राकाम, जुन्या गाडीचं वायरिंग, सीट शिवणं, जुन्या ट्रॅक्टरला टिनकाम-रंग. दिव्यांग व्यक्तीच्या गाडीत कायद्याने परवानगी असलेले बदल करून देणं हेही काम आहे, पण तिथे प्रत्येक कामाआधी आरटीओची परवानगी गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या. जुन्या गाड्या घेऊन विकण्याकडे वळलात तर लक्षात असू द्या, १ एप्रिल २०२३ पासून रजिस्टर गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. "मित्राच्या नावावर ठेवून विकतो" हा जुना प्रकार त्यासाठीच बंद केलाय.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. सेवेच्या धंद्यात वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. टूल्ससाठी मुद्राचं शिशु कर्ज पन्नास हजारांपर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत. पण कर्ज मिग मशीन, कॉम्प्रेसर, चेन पुली अशा कमावणाऱ्या वस्तूंसाठी काढा, स्वतःच्या जीपसाठी नको.

आणि ज्यांना निव्वळ छंद म्हणून गाडी बांधायचीय, त्यांनी खुशाल बांधा. माझ्या दुकानाच्या मागे पण एक चेसिस उभी आहे! फक्त तिचे पैसे वेगळ्या वहीत लिहा आणि त्या वहीवर "गुंतवणूक" लिहू नका, "हौस" लिहा.

पुढच्या व्हिडिओत चेतकच्या कामाचं कोटेशन ओळीओळीने कसं लिहायचं ते दाखवतो: आगाऊ किती, पार्ट न मिळाल्यास काय, आणि गिऱ्हाईक गाडी न्यायला आलंच नाही तर शेडचं भाडं कसं लावायचं. वही-पेन घेऊन बसा.